तीन तास दहा मिनिटं

१

केटा गावात दार ठोठावायची पद्धत नाही. दारं दिवसभर सताड उघडी असतात. येणारा माणूस अंगणाच्या कडेला थांबतो आणि "आगो!" अशी हाक घालतो. आतून कुणीतरी "आमे!" म्हटलं की मग त्याचं पाऊल आत पडतं. आता एवढ्यावर भागत नाही. आलेल्याला बसायला स्टूल द्यायचं, मग प्यायला पाणी द्यायचं, आणि त्याचं पिऊन झालं की घरच्यानं म्हणायचं, "इकडे सगळा थंडावा आहे. वाट तुम्ही तुडवलीत. बोला." थंडावा म्हणजे सगळं क्षेम; तेव्हा कुठे पाहुणा काम सांगणार. विचारल्याशिवाय त्यानं तोंड उघडायचं नाही. घरी आग लागल्याचा निरोप घेऊन आलेला केटावालासुद्धा आधी पेलाभर पाणी पितो, असं बाहेरगावचे लोक हसून सांगतात. त्यांना हसू दे.

आक्पेने दिवसातून तीस-चाळीस वेळा "आमे" म्हणायची आणि त्यातल्या पस्तीस वेळा मान वर करायची नाही. तिचं दुरुस्तीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रेडिओ, फोन, टीव्ही, जुने कॉम्प्युटर, जे बिघडेल ते तिच्या टेबलावर यायचं. एका हातात तापलेली सोल्डरची काडी, दुसऱ्या हातात तार, तिसरी तार दातात, आणि त्या दातांतूनच, "आमे! स्टूल ओढून घ्या, बसा, हातातलं आवरते." जित्याची खोड, दुसरं काय.

मागच्या खोलीत तिची धाकटी बहीण एसिनाम असायची. आक्पेने अडतीस वर्षांची, एसिनाम एकवीसची. आई गेली तेव्हा एसिनाम सहा वर्षांची होती, आणि आईनं शेवटच्या दिवशी मोठीचा हात धरून एवढंच म्हटलं होतं, "हिला जपशील ना?" एसिनामला जन्मापासून सिकलसेल. एरवी पोरगी तिखट. शाळेत असताना मुलींच्या फुटबॉल संघात डाव्या बाजूनं अशी पळायची की समोरच्या शाळेचे मास्तर तक्रार करायचे. पण दरवर्षी डिसेंबरात वाळवंटाकडून हारमटानचा कोरडा वारा वाहू लागला, ओठ फाटू लागले आणि पहाटे गारठा पडू लागला, की तिची हाडं आतून ठणकू लागायची. त्या वर्षी ठणका आला तो जायलाच तयार होईना. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आक्पेनेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "एवढा हारमटान निभावला पाहिजे. ऊब, विश्रांती आणि पाणी. पाणी कमी पडू देऊ नकोस."

आता ती फुटबॉल कॉम्प्युटरवरच खेळायची, पण तो खेळ पुढच्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर होता. एसिनामला तिथवर बसवत नव्हतं.

"दावी," ती एक दिवस अंथरुणातून म्हणाली. थोरल्या बहिणीला तिकडे दावी म्हणतात. "लोकांचे रेडिओ बोलके करतेस. मला झोपल्या झोपल्या खेळता येईल असं काहीतरी कर की."

"झोपून कुणी फुटबॉल खेळतं?"

"आपल्या गावचा गोलकीपर खेळतो."

हे ऐकून आक्पेने खूप हसली, आणि दुसऱ्याच दिवशी बाजारात डोत्सेकडे गेली.

२

डोत्से परदेशातून येणारा वापरलेला माल विकायचा. त्याच्याकडे कुठल्याशा कचेरीतून निघालेले छोटे कॉम्प्युटर होते, जाडजूड बायबलएवढे. असे कॉम्प्युटर पडद्याच्या मागे चिकटवून ठेवतात. त्यातला एक आक्पेनेनं उचलला.

"एफो डोत्से, हा चालतो का?" दादा म्हणायच्या ठिकाणी तिकडे एफो म्हणतात.

"चालतो म्हणजे? बंद करायला गेलो तर बंदच होत नव्हता," तो म्हणाला. "शेवटी वायर उपटली."

डोत्सेचा माल आणि डोत्सेचं बोलणं, दोन्हीला निम्मी किंमत द्यायची असते. आक्पेनेनं ते हसण्यावारी नेलं.

आठवडाभर ती त्या डब्यावर जीव लावून बसली. लोखंडी कवच काढलं तेव्हा आत तळहाताएवढी सर्किटची पाटी आणि एक पंखा निघाला. फुटक्या टॅबलेटचा पडदा बसवला. व्हिडिओ गेमच्या दोन मोडक्या हँडलांतून चार चांगली बटणं आणि दोन दांड्या मिळाल्या. स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची कांदा कापायची फळी करवतीनं कापून तिचं कवच केलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, म्हणजे एसिनामच्या दुखऱ्या बोटांना बोचायला नको. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून आतले सेल एकेक मोजून घेतले आणि पाचाच्या चार रांगा जोडल्या. हिशेब निघाला तीन तास दहा मिनिटं. केटात लाईट जाते तेव्हा तीन तासांत कधीकधी परतही येते, म्हणून तिला तेवढं पुरेसं वाटलं. स्पीकरला मात्र जागा उरली नाही. ठीक आहे, कानात घालायची वायर लावता येईल.

त्या दुपारी बाहेर धुरकट पांढरं झालं होतं. रस्त्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाजण, आणि हारमटानात दोन्ही दिसेनासे होतात. मध्ये फक्त घरं उरतात. आक्पेने दाराकडे पाठ करून पडद्याची वायर चिकटवत होती. मागून आवाज आला.

"आगो."

आवाज बेताचा होता, चांगल्या घरातल्या माणसाचा.

"आमे!" ती दातातल्या तारेतून म्हणाली. "स्टूल घ्या, बसा. हातातलं आवरते."

टाका पक्का झाला. तिनं फुंकर मारली, काडी खाली ठेवली आणि वळली. दारात कुणी नव्हतं. अंगणात कुणी नव्हतं. भिंतीला टेकवलेलं स्टूल वीतभर पुढे होतं. पण ते सकाळपासून तसंच असेल, कुणी पाहिलंय?

"कोण आलं गं?" आतून एसिनामनं विचारलं.

"कोणी नाही."

"मग आमे कुणाला म्हणालीस?"

"तुझ्या नवऱ्याला. तुझं रूप पाहून पळाला." असं म्हणत आक्पेने टेबलाकडे वळली.

पडदा उजळलेला होता. त्यावर हिरवं मैदान होतं आणि मैदानावर धुकं. बॅटरी अजून जोडायची राहिली होती. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कापडावर पडलेली होती, तारा मोकळ्या. आक्पेनेनं पाटीला लागलेल्या तारा एकेक करून बोटानं तपासल्या. विजेची एकही नव्हती. पाटीत थोडी वीज साठून राहते हे तिला ठाऊक होतं. पण ती एका श्वासाएवढी. तिनं मनात आकडे मोजले. चाळीसपर्यंत आली तेव्हा पडदा विझला.

साठलेलीच असणार, तिनं स्वतःला सांगितलं. स्वस्तातला माल कधीकधी उपकार करतो.

३

एसिनामला ते खेळणं दिलं तेव्हा पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच तिनं ते पुसलं आणि म्हणाली, "कांद्याचा वास येतोय. म्हणून."

आक्पेनेनं दुकानातलं स्टूल आत आणून खाटेजवळ ठेवलं, डबा टेकायला. डबा काही टेकला गेला नाही. एसिनाम तो छातीवरच ठेवायची. स्टूल रिकामं राहिलं म्हणून आक्पेने पाण्याचा पेला त्यावर ठेवू लागली.

"तिथे नको ठेवूस!" एसिनाम एकदम म्हणाली.

"का?"

एसिनामनं पेल्याकडे पाहिलं. "काही नाही. आता ठेवलासच ना."

पेला तासाभरात रिकामा व्हायचा. आक्पेने खूश होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं पाणी जात होतं. पेला एसिनामच्या हाताच्या अंतराबाहेर असायचा हे तिच्या लक्षात यायचं, नाही असं नाही. पण हारमटानात दोरीवरचं धुणं घटकेत वाळतं, तळी आटतात, मग पेल्याचं काय घेऊन बसायचं?

चार दिवसांत ठणका उतरला. आठव्या दिवशी एसिनामनं मक्याच्या पिठाचं अक्प्ले आणि माशाचं कालवण मागून घेतलं. तिच्या नखांखाली रंग आला. आक्पेनेनं मनातल्या मनात त्या डब्याला नमस्कार केला.

फक्त त्या खेळात काहीतरी चुकलेलं होतं. खाटेच्या काठावर बसून आक्पेनेनं ते पाहिलं. प्रेक्षकांच्या जागा रिकाम्या, सगळीकडे पांढुरकी धूळ, अगदी बाहेर होती तशीच. एसिनामची अकरा जणं इकडून तिकडे पळत होती. समोरची अकरा जणं चेंडू आपसात देत होती, हळूहळू, कुठलीही घाई नसल्यासारखी. गोलकडे कुणी येत नव्हतं. आणि त्यांची तोंडं चेंडूकडे नव्हती. ती पडद्यातून बाहेर, इकडे वळलेली होती.

"समोरून कोण खेळतंय गं?" आक्पेनेनं विचारलं.

"मशीन."

"मशीन असं खेळत नाही. मशीन दुष्ट असते. हा कुणी फार सभ्य माणूस दिसतो."

एसिनामनं कानातली वायर काढली आणि बहिणीकडे बघितलं. "सभ्य आहे," ती म्हणाली. "दावी, याला बंद करायचं नाही हं. मी झोपले तरी चालू राहू दे."

"पंखा जळेल."

"जळू दे. बंद नाही करायचा."

४

आक्पेनेचा आवाज बसला तो त्याच आठवड्यात. म्हणजे तिला तो बसल्यासारखा वाटत नव्हता. घसा दुखत नव्हता, खोकला नव्हता. पण गिऱ्हाईक "आगो" म्हणायचं, ती "आमे" म्हणायची, आणि गिऱ्हाईक पुन्हा "आगो" म्हणायचं. एक जण तर तीनदा हाक मारून निघून गेला. तिला दारात उभं राहून हात हलवावे लागायचे.

शेजारची तासी मान्सा मक्याचा वाफवलेला अबोलो पाव आणि तळलेली बारीक मासळी विकायची. तासी म्हणजे आत्या; नात्यानं कुणाचीच नाही, पण गावभर आत्या. ती एका सकाळी हाका मारमारून शेवटी स्वतःच आत घुसली.

"घरात माणसं आहेत की बकऱ्या? ओ देता येत नाही?"

"मी आमे म्हटलं की, तासी."

"कधी म्हटलंस? तोंड हललं नुसतं." तासीनं तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "राखेसारखी दिसतेस. शियाच्या बियांचं लोणी लाव अंगाला. आणि ती धाकटी बघ, आजारी ती आणि तेज तिच्यावर! अगं, कोण कुणाची शुश्रूषा करतंय?"

तासी हसली. खाटेवर एसिनाम हसली नाही.

हारमटान सगळ्यांनाच राखाडी करतो, आक्पेनेला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवशी काम करताना सोल्डरच्या काडीचं टोक तिच्या अंगठ्याला लागलं आणि तिला ते कळलं नाही. नाकात जळका वास आला तेव्हा कळलं. जुन्या कारागिराची कातडी जाड होते. तिनं अंगठ्याला चिंधी गुंडाळली.

दुपारी ती आत गेली तेव्हा एसिनामला डुलकी लागली होती. डबा छातीवर चालूच होता. मैदानात चेंडू मध्यभागी थांबलेला होता आणि समोरचा संघ उभा होता, जागच्या जागी, घरची माणसं झोपली असताना पाहुण्यानं बसावं तसा. कोपऱ्यात सामन्याचं घड्याळ होतं. नव्वद मिनिटांचा सामना. घड्याळात एकवीस हजार सहाशे चार असा आकडा होता, पंधरा दिवसांची मिनिटं. तिच्या डोळ्यादेखत चाराचे पाच झाले. शून्य विरुद्ध शून्य.

मैदानाच्या कडेला, रेषेबाहेर, एक आकृती बसलेली होती. अंगावर कुठल्याच संघाचा सदरा नव्हता. पडदा एवढासा, धूळ एवढी. नीट काही दिसेना. आक्पेनेनं मान खाली नेली, तशी ती आकृती बसल्या जागी किंचित पुढे झुकली. मोठ्या माणसासमोर तरुणानं झुकावं तशी.

आक्पेने मागे सरली ती स्टूलावर आपटली. स्टूल गार होतं. ओल्या दगडासारखं गार.

"दावी," एसिनाम जागी झाली होती. "घाबरू नकोस."

"कोण आहे ते?"

"पाहुणा आहे."

"काय पाहिजे त्याला?"

"विचारलंच नाही ना अजून," एसिनाम हळूच म्हणाली. "विचारलं की सांगेल. म्हणून तर खेळतेय. खेळात गुंतलेल्या घराला निरोप सांगत नाहीत, तेवढी रीत त्याला आहे. तू विचारू नकोस. आणि बंद पडू देऊ नकोस."

आक्पेने स्टूलावरून उठून खाटेवर आली. आजाऱ्याच्या उशाशी येऊन बसणारा पाहुणा कशासाठी येतो हे कुणी सांगायला लागत नाही. तिनं एसिनामचे दोन्ही हात धरले आणि ती ओक्साबोक्शी रडली. "मी नेऊ देणार नाही," ती म्हणत राहिली. "आईला शब्द दिलाय मी. नेऊ देणार नाही."

एसिनामनं तिचे केस कुरवाळले.  मग तिनं कानात वायर घातली आणि खेळायला लागली.

५

मंगळवारी सकाळी लाईट गेली. खाजणाच्या पलीकडे खांब कोसळला होता, दोन-तीन दिवस तरी लागणार असं लोक म्हणत होते. गावाला त्याचं विशेष वाटलं नाही. आक्पेने मात्र हातातलं टाकून आत गेली. डब्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह उमटलं होतं.

तीन तास दहा मिनिटं.

ती धावत डोत्सेकडे गेली. "आगो," ती म्हणाली. डोत्से एका टीव्हीचं कवच पुसत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "आगो, एफो डोत्से! आगो!" ती ओरडली. तो पुसतच राहिला, वर शीळ घालत होता. शेवटी तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो शहारून उडाला.

"बाई गं! केव्हा आलीस? आवाज तरी द्यायचा. आणि हात केवढा गार तुझा!"

"तुझ्या तीनचाकीची बॅटरी दे."

"काय?"

तिनं तोंड त्याच्या कानाशी नेऊन पुन्हा सांगितलं. डोत्सेनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि, नवलाची गोष्ट, एकही विनोद न करता बॅटरी उतरवून दिली.

नवी जोडल्याशिवाय जुनी काढायची नाही, एवढा एक नियम. आक्पेनेनं दोन तोंडांची तार केली. एसिनामच्या छातीवर डबा, तिच्या कुशीशी तीनचाकीची जड बॅटरी, जमिनीवर तारांचं जाळं. तीनचाकीची चालू असताना आक्पेनेनं सेलांची पेटी पोटाशी धरून मासळीच्या शीतगृहात नेली, तिथल्या जनरेटरवर भरून आणली. पहिल्यांदा नेली तेव्हा तिथला माणूस बोलला. दुसऱ्यांदा नेली तेव्हा तिला आपल्या हातानंच तार खोचावी लागली. तो समोर बसून भाकरी खात होता आणि त्याची नजर तिच्यातून पलीकडे जात होती. थकलेली माणसं अशीच बघतात, तिनं स्वतःला समजावलं. तिला त्या वेळी दुसऱ्या कशाचा विचार करायला फुरसत नव्हती. पेटी भरली, धीर आला, एवढंच.

बुधवारी सकाळी शीतगृहाचं डिझेल संपलं. त्यानंतर थोड्या वेळानं तीनचाकीची बॅटरीही पडली. अकरा वाजता आक्पेनेनं भरलेली पेटी जोडली आणि आपल्याकडे आता आणखी काही नाही हे तिला स्वच्छ कळलं.

घराबाहेर पांढरं होतं. सगळा गाव झोपेत बुडाल्यासारखा. सूर्य वर कुठेतरी होता, दुधात टाकलेल्या नाण्यासारखा. खोलीत फक्त पंख्याची घरघर. ती अधूनमधून थांबायची, मग पुन्हा सुरू व्हायची. ती थांबली की आक्पेने स्वतःचा श्वास रोखायची.

६

दोन वाजता कोपऱ्यात पाच टक्के उरले.

"तू खेळ," आक्पेने म्हणाली. "मी दुकानातले सगळे फोन फोडते. त्यांच्यातून—"

"दावी, बस."

"वेळ नाही!"

"बस म्हटलं ना." आणि एसिनाम उठून उभी राहिली. पंधरा दिवसांत जी खाटेवरून उतरली नव्हती ती सरळ, ताठ उभी राहिली. डबा तिच्या दोन्ही हातांत होता आणि अंगठे अजून दांड्यांवर फिरत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पड, पड, उठू नकोस, हाडं—"

"माझी हाडं बरी आहेत. दहा दिवस झाले." ती म्हणाली. "दावी, त्या दिवशी दुकानात आमे कोण म्हणालं?"

"मीच म्हणाले," आक्पेने म्हणाली.

"मला आगो ऐकू आलंच नाही. मला फक्त तुझं आमे ऐकू आलं. त्याला बस कोण म्हणालं? स्टूल कुणी आणून ठेवलं? पाणी कुणी दिलं?" एसिनाम हुंदका गिळत म्हणाली. "तो माझ्याकडे नाही आलेला. तो तुझा पाहुणा आहे. मला पहिल्याच दिवशी कळलं, खेळताना तो माझ्याकडे बघायचाच नाही. तुझी वाट बघायचा. मी नुसती त्याला बसवून ठेवत होते."

तीन टक्के. समोरच्या संघानं चेंडू थांबवला होता.

आक्पेनेला वाटलं होतं की असं काही ऐकल्यावर माणूस किंचाळेल. पण तिच्या आत जे झालं ते वेगळंच होतं. पंधरा दिवस, नव्हे पंधरा वर्षं, काळजावर जो दगड होता तो कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला. तिनं धाकटीकडे पाहिलं. गालांना रंग होता, नखं गुलाबी होती, पाय घट्ट जमिनीवर. ही नाही. ही जाणार नाही. तिला एवढा आनंद झाला की त्याची तिला लाजच वाटली.

"वेडे," ती म्हणाली. "आणि मला रडू दिलंस!"

"सांगितलं असतं तर तू त्याला लगेच विचारून टाकलं असतंस. ओळखत नाही का मी तुला?"

पंखा थांबला. या वेळी तो पुन्हा सुरू झाला नाही. मैदान धुरकटलं, विझलं, आणि काळ्या काचेत खोली दिसू लागली. खिडकीचा पांढरा चौकोन होता. एसिनामचा ओला चेहरा होता. खाटेजवळच्या स्टूलावर कुणीतरी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेलं होतं, बराच वेळ बसलेल्या आणि तक्रार नसलेल्या माणसासारखं. स्वतःला मात्र आक्पेनेला शोधावं लागलं. ती होती तिथे काचेत फक्त भिंत होती.

तिनं वळून स्टूलाकडे पाहिलं नाही. पेला उचलला, मडक्यातून पाण्यानं काठोकाठ भरला आणि उजव्या हातानं स्टूलावर ठेवला. पदर सारखा करावा तसा तिनं कमरेचा कपडा सारखा केला.

"दावी, नको," एसिनाम म्हणाली. "नको ना गं. लाईट येईल. आत्ता येईल."

"एवढ्या लांबून आलेल्याला किती दिवस बसवायचं?" आक्पेने म्हणाली. मग स्टूलाच्या दिशेनं मान थोडी लववून, आई म्हणायची त्याच शब्दांत, तिनं विचारलं, "इकडे सगळा थंडावा आहे. वाट तुम्ही तुडवलीत. बोला."

पेल्यातलं पाणी हळूहळू खाली गेलं.

मग त्यानं सांगितलं. फार काही नव्हतं. काम अगदी छोटं होतं.

बाहेर अंगणाच्या कडेला चपला वाजल्या. "आगो!" तासी मान्साची हाक आली. तिनं दोघींसाठी गरम अबोलो आणला होता. वास आतपर्यंत आला.

"आमे!" आक्पेने सवयीनं म्हणाली.

"आगो!" तासीनं पुन्हा हाक मारली.

"आमे, तासी! ये ना!"

खोलीत एसिनाम एकटीच उभी होती आणि ती इकडे तिकडे बघत होती, स्टूलाकडे, खाटेकडे, मडक्याकडे, दावी उभी होती तिथे. हातातला डबा तिनं छातीशी घट्ट धरला होता.

"अगं, आगो! आहे का कुणी घरात?"

एसिनामनं बाहीनं डोळे पुसले. ती दारापर्यंत गेली, चौकटीला धरून बाहेर डोकावली, हाक मारणारीचा चेहरा नीट पाहिला, आणि मगच म्हणाली, "आमे."